एकोणचाळीस भाग आणि तीन फेऱ्या

ज्या वस्तूचे सर्व भाग माणूस नावानिशी ओळखतो, त्या वस्तूवर त्याची सत्ता चालते. हे तत्त्व प्रभाकर खांबेटे यांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि तळोज्याच्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये एकोणीस वर्षं त्या तत्त्वावर निभावून नेलं होतं. सायकलचे त्यांना एकोणचाळीस भाग पाठ होते. फक्त सायकल येत नव्हती.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं ते स्वतःला अधूनमधून सांगत. लहानपण गिरगावातल्या ज्या गल्लीत गेलं, तिथे सायकल चालवायची तर आधी समोरच्याला घरात जायला सांगावं लागे. पुढे नोकरी लागली, नवीन पनवेलला ब्लॉक घेतला, आणि कंपनीची बस दारात येऊ लागली. सायकल शिकण्याचं वय असं कोणाच्या लक्षात न येता निघून गेलं. १९९१ साली प्रभाकरराव एकोणपन्नास वर्षांचे होते.

त्यांच्या सेक्टरात दर मे महिन्यात चार दिवसांची वसंत व्याख्यानमाला होत असे. गेली तीन वर्षं प्रभाकरराव तिच्या समितीवर होते आणि गेली तीन वर्षं त्यांच्याकडे आभारप्रदर्शन होतं. आभाराचा माइक हाती येईपर्यंत लोक उठून पँटी झटकत असतात, बायका पिशव्या शोधत असतात आणि कुणाचं तरी मूल दुसऱ्याच्या चपला घालून चाललेलं असतं. त्या गलक्यात प्रभाकररावांनी आजवर बारा वक्त्यांचे, अध्यक्षांचे, मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि सतरंजी देणाऱ्या जोश्यांचे आभार मानले होते. त्यांचे आभार अजून कोणी मानले नव्हते. एकदा, फक्त एकदा, हार गळ्यात घालून खुर्चीत बसावं आणि दुसऱ्या कोणीतरी माइकवर ‘आजचे वक्ते श्री. खांबेटे यांचे आभार’ असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

संधी आली ती दादरच्या एका वक्त्यांच्या घशातून. ते शेवटच्या दिवशी, रविवारी, ‘विश्वाची रचना’ या विषयावर बोलणार होते. समितीचे चिटणीस दीनानाथ गुप्ते यांनी त्यांना पत्रात ‘आमचे गाव मुंबईपासून हाकेच्या अंतरावर आहे’ असं कळवलं होतं. वक्त्यांनी एसटीचं वेळापत्रक पाहिलं आणि त्यांचा घसा बसला.

“मी बोलतो,” प्रभाकरराव बैठकीत म्हणाले.

“कशावर?” दीनानाथने विचारलं.

“सायकल. प्रमुख भाग आणि त्यांचं कार्य.”

“विश्वाच्या जागी सायकल?”

“विश्व ते जोडून दाखवणार होते का? मी सायकल जोडून दाखवीन. सगळे भाग सुटे मांडून ठेवीन आणि एकेक समजावत लोकांसमोर उभी करीन.”

नऊ दिवसांवर दुसरा वक्ता मिळत नव्हता, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. “पण आभार?” प्रभाकररावांनी मुद्दाम विचारलं. “या वेळी मी मानतो,” दीनानाथ म्हणाला. “तुम्ही निश्चिंत राहा.”

दुसऱ्या दिवशी सेक्टरच्या नाक्यावरच्या फळ्यावर रंगीत खडूने जाहिरात लागली. विषय, वक्ते, वेळ सायंकाळी सहा. सायकलवरच्या भाषणाला कोण येणार, या काळजीने दीनानाथने खाली लाल अक्षरांत आपल्या मनाची एक ओळ घातली होती: ‘व्याख्यानानंतर वक्ते स्वतः जोडलेल्या सायकलवर बसून मैदानाला तीन फेऱ्या मारतील.’

प्रभाकररावांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि घरी येऊन बायकोला सांगितली.

“जाऊन पुसून टाका,” रमाबाई म्हणाल्या. “ओला बोळा देते.”

“नाही.”

“मग सांगा गुप्त्यांना, येत नाही म्हणून.”

“जो माणूस सायकलवर भाषण करणार आहे, त्याला सायकल येत नाही असं सांगायचं?”

“पडलात तर?”

“पडणार नाही. शिकेन.”

“आठ दिवसांत?”

“सगळे भाग मला ठाऊक आहेत, रमा. अर्धं काम झालेलंच आहे.”

रमाबाईंनी बोळा जागेवर ठेवला. नवऱ्याच्या आवाजात हा ठामपणा त्यांनी यापूर्वी एकदाच ऐकला होता, आणि त्या वेळी प्रभाकररावांनी घरातला पंखा स्वतः दुरुस्त केला होता. तो पंखा अजून माळ्यावर होता.

सायकल कुणाची घ्यायची हा प्रश्न सकाळी सहाला दारात उभा राहिला. सुकापूरचा तुळशीराम रोज दूध घालायला येई. त्याची काळी, उंच, पुरुषभर सायकल जिन्याखाली उभी असे आणि तिच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लटकत.

“तुळशीराम, पुढच्या रविवारी तुझी सायकल हवी आहे.”

“न्या की सायेब. कुठं जायचाय?”

“जायचं कुठेच नाही. उघडायची आहे.”

तुळशीरामने दुधाचं माप किटलीत तसंच धरून ठेवलं. “का पन? चालतेय ना ती.”

प्रभाकररावांनी सगळं सांगितलं. भाषण, फळा, फेऱ्या, आणि आवाज जरा खाली आणून शेवटची अडचणही सांगितली. तुळशीराम हसला नाही. त्याने फक्त त्यांना वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, जत्रेत बैल बघतात तसं.

“शिकवतो,” तो म्हणाला. “पन सोमवारी पाटं पाचला सायकल मना पायजे. सगळी. चाकातली एक गोळी कमी आली तरी चालायचा नाय. चाक कुरकुरला की दूध हिंदकलतं.”

“एक छर्रासुद्धा कमी येणार नाही,” प्रभाकरराव म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांच्या स्टोअर्समधून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता.

सायकलची तपासणी केल्यावर मात्र त्यांना धक्का बसला. एकोणचाळीसपैकी चार भाग जागेवर नव्हतेच. घंटी नव्हती. डायनॅमो आणि दिवा नव्हता. दोन्ही चाकांच्या ब्रेकचे रबर झिजून नाहीसे झाले होते.

“घंटी कुठे गेली?”

“माझा तोंड हाय ना.”

“आणि ब्रेक?”

“पाय हाय ना.”

प्रभाकरराव जुन्या पनवेलला जाऊन घंटी, ब्रेकचे रबर, डायनॅमो आणि दिवा असं सगळं घेऊन आले. मात्र नवं सामान त्यांनी बसवलं नाही, रविवारसाठी कागदात गुंडाळून ठेवलं. शिकवणी आहे त्या सायकलवर सुरू झाली.

जागा होती सुकापूरच्या वाटेवरचा एक मोकळा तुकडा. नवीन पनवेलात तेव्हा माणसांपेक्षा खडी जास्त होती. या तुकड्याच्या एका कडेला खडी आणि दुसऱ्या कडेला वाळू होती. “पडायचाच असंल तर वालूकडं पडा,” तुळशीरामने पहिला धडा दिला. “आनि मधी पडलात तरी काय नाय. आमचं भाताचं शेत होतं हे, जमीन मऊ हाय.”

तुळशीरामने कॅरियर धरलं. प्रभाकरराव दांडीवरून पाय टाकून सीटवर बसले आणि म्हणाले, “थांब. आधी मला सांग, तोल नेमका कुठल्या भागामुळे राहतो?”

“म्हंजी?”

“म्हणजे पुढचा चिमटा तिरका बसवलेला असतो, त्यामुळे चाक सरळ राहायला बघतं. ते मला माहीत आहे. पण तोल?”

“तोल कंच्याच भागात नसतो, सायेब. पायडल मारा.”

त्यांनी पायडल मारलं आणि ते वाळूत गेले. दुसऱ्या दिवशीही वाळूत गेले. तिसऱ्या दिवशी खडीत गेले आणि कोपराला आयोडीन लावून कामावर गेले. घरात भाजीबरोबर जखमांवरही रोज थोडी हळद संपत होती. चौथ्या दिवशी तुळशीराम म्हणाला, “सायेब, रागावू नका, पन बैल लवकर शिकतो.”

“बैलाला भाषण द्यायचं नसतं,” प्रभाकरराव कपडे झटकत म्हणाले. “धर कॅरियर.”

शोध पाचव्या दिवशी लागला. भाषणाची उजळणी व्हायला सवड मिळत नव्हती, म्हणून त्या सकाळी त्यांनी सायकलवर बसल्याबसल्याच सुरुवात केली. “भाग पहिला, सांगाडा. यालाच फ्रेम म्हणतात. पोकळ नळ्यांची असल्यामुळे हलकी, आणि त्रिकोणात जोडलेली असल्यामुळे मजबूत. बाकीचे अडतीस भाग हिच्या जिवावर जगतात. ऐकतोयस ना तुळशीराम? भाग दुसरा, चिमटा. भाग तिसरा, हँडल...” असं करत ते मागच्या चाकाशी आले. तिथल्या दातेरी चक्रीला फ्रीव्हील म्हणतात, तिच्यात दोन लहान खिट्ट्या असतात, त्यामुळे पाय थांबले तरी चाक फिरत राहतं, नाहीतर उतारावर चाकाने पायाला फिरवलं असतं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. “कळलं का?”

उत्तर आलं नाही. उत्तर यायला तुळशीराम मागे नव्हता. तो सात नंबरच्या बिल्डिंगमध्ये दोन लिटर दूध घालून नुकताच कोपऱ्यावरून परत येत होता. प्रभाकरराव तुकड्याला एकटेच चकरा मारत होते. हे लक्षात आलं तसे ते गप्प झाले, आणि गप्प झाले तसे वाळूत गेले.

पुन्हा करून पाहिलं, तोच अनुभव आला. बोलत असले की सायकल चाले. तोंड मिटलं की पडे. कारण त्यांनी शोधलं नाही. गुण येतोय म्हटल्यावर औषधाची पुडी उघडून बघू नये. शनिवारपर्यंत ते पहिल्यापासून एकोणचाळिसाव्या भागापर्यंत न पडता जाऊ लागले. थांबायचं कसं ते तुळशीरामने शिकवलं: डावा पाय काढायचा, चप्पल जमिनीला घासत न्यायची, आणि सायकल दमली की उतरायचं.

रविवारी सहाला मांडव बऱ्यापैकी भरला. लाल खडूने आपलं काम केलं होतं; पन्नास वर्षांचा गृहस्थ सायकलवर कसा दिसतो हे पाहायला शंभरेक माणसं आली होती. स्टेजवर पांढऱ्या चादरीवर सगळे भाग मांडलेले होते आणि प्रत्येकाला स्टोअर्समधल्यासारखी दोऱ्याने बांधलेली नंबराची चिठ्ठी होती. पहिल्या रांगेत रमाबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, धुतलेल्या शर्टात, तुळशीराम. आपली गाय कोणी दवाखान्यात टेबलावर आडवी केल्यावर माणूस बसेल तसा तो बसला होता.

दीनानाथने हार घातला. प्रभाकररावांनी तो घालून घेतला आणि मान जरा ताठ ठेवली. मग अध्यक्षांनी वक्त्यांची ओळख करून द्यायला माइक घेतला. अध्यक्ष सेवानिवृत्त कार्यकारी अभियंता होते. त्यांनी चाकाच्या शोधापासून सुरुवात केली, रस्तेबांधणीवर आले, तिथून स्वतःच्या नोकरीवर आले आणि नोकरीतल्या चार बदल्यांसह सेवानिवृत्तीला पोचले तेव्हा सहा चाळीस झाले होते. वक्त्यांचं नाव ते जाता जाता चुकीचं बोलले.

मांडव, खुर्च्या, माइक आणि ट्यूबलाइट साडेसातपर्यंतच ठरवलेले होते. शिवाय सेक्टरात पाणी साडेसातला येत असे आणि आठला जात असे. प्रभाकररावांनी घड्याळ पाहिलं आणि कामाला लागले.

सुरुवात झकास झाली. त्यांनी सांगाडा उभा धरला, त्यात चिमटा घातला. “इथे वर आणि खाली एकेक वाटी असते, वाटीत ग्रीस, आणि ग्रीसमध्ये छर्रे. लोखंडावर लोखंड घासलं तर झिजतं. मध्ये गोळी ठेवली तर घरंगळतं. संसारातही—” असं म्हणून ते थांबले, कारण भाषणात विनोद घालायचा विचार त्यांनी आदल्या रात्री रद्द केला होता. कुणीतरी हसलं. त्यांना हुरूप आला. आऱ्यांवर वजन टेकलेलं नसतं, चाकाची धाव, म्हणजे रिम, आऱ्यांनी चहूबाजूंनी ताणून धरलेली असते, म्हणून इतक्या बारीक तारा दोन मणाचा माणूस पेलतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ ‘अरे वा’ म्हणाले. डाव्या पायडलाचे आटे उलटे का असतात, सुलटे असते तर पाय मारता मारता ते आपोआप कसं सुटून आलं असतं, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. पंधरा भाग झाले. सात वाजले.

आणि पुढच्या चाकाचा आस बसवताना एक छर्रा निसटला.

तो स्टेजच्या फळीवर टप्पा घेऊन खाली गेला. माइकमुळे तो टप्पा सगळ्यांना ऐकू आला. प्रभाकररावांनी वाटीतले छर्रे मोजले. एक कमी होता.

“चालू द्या, चालू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “एका गोळीने काय होतं?”

“नाही,” प्रभाकरराव म्हणाले. “तो मिळाल्याशिवाय चाक बसणार नाही.” आणि ते हारासकट स्टेजवरून खाली उतरून पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखाली वाकले.

तुळशीराम लगेच गुडघ्यांवर आला. रमाबाई उठल्या, पदर खोचून त्यांनी सतरंजीची घडी उचलली. माणसांना पाय वर घ्यायला सांगण्यात आलं. पाय वर घेतलेले लोक काही वेळ तसे बसले आणि मग, पाय वर आहेतच तर, उठून घरी निघाले. “पाणी यायची वेळ झाली हो,” असं कोणी म्हणालं. त्या वाक्याने जे केलं ते अध्यक्षांच्या भाषणालाही जमलं नव्हतं. दीनानाथने स्टेजखाली चिठ्ठी पाठवली: ‘कृपया आवरा.’ प्रभाकररावांनी ती चिठ्ठी खिशात घातली आणि पुढची खुर्ची उचलली.

छर्रा रमाबाईंना मिळाला, त्यांच्याच पर्सच्या पट्ट्याखाली. बारा मिनिटं गेली होती. “हा घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि आता थांबू नका.”

ते थांबले नाहीत. पण आता बोलायला वेळ उरला नव्हता. आस, चाकं, कॉटर पिना, साखळी, पायडलं, सीट, मडगार्ड, कॅरियर, स्टँड, नवे ब्रेक, घंटी, डायनॅमो असं सगळं मुकाट्याने जागच्या जागी जात राहिलं, आणि मुकाट्याने जाणारे भाग पाहायला कोणी थांबत नाही. मांडववाल्याने मागच्या रांगेपासून लोखंडी खुर्च्या मिटायला सुरुवात केली; प्रत्येक खुर्ची टाळी वाजल्यासारखा आवाज करत होती. अध्यक्ष आपला हार हातात घेऊन गेले. सात पंचविसाला दीनानाथ जवळ आला.

“प्रभाकरराव, मला निघावं लागेल. पनवेलच्या साप्ताहिकाचा फर्मा आठला छपाईच्या मशीनवर चढतो. वृत्तांत पोचवला नाही तर या अंकात येणार नाही.”

“आणि आभार?”

“तेच तर. वृत्तांत गेला पाहिजे ना?” असं म्हणून दीनानाथने स्कूटरला किक मारली.

शेवटचा नट आवळला तेव्हा सात पस्तीस झाले होते. माइक गेला होता. ट्यूबलाइट उतरल्या होत्या. उजेड जेमतेम माणूस ओळखण्यापुरता होता. मैदानावर रमाबाई होत्या, तुळशीराम होता आणि टेबल नेण्यासाठी थांबलेला मांडववाला होता.

“राहू द्या आता,” रमाबाई म्हणाल्या. “कोण बघतंय?”

“फळ्यावर लिहिलंय,” प्रभाकरराव म्हणाले. हार त्यांनी काढून रमाबाईंकडे दिला आणि दांडीवरून पाय टाकला. “भाग पहिला, सांगाडा!”

सायकल हलली. डायनॅमो चाकाला टेकला, घरघरला, आणि दिवा लागला. पिवळ्या उजेडाचा एक ठिपका मैदानाच्या कडेने सरकू लागला, आणि त्यामागून आवाज येऊ लागला. माइक नव्हता, पण आवाज खणखणीत होता. पहिल्या फेरीत हँडलपासून धावेपर्यंत सगळं झालं. दुसऱ्या फेरीत दातेरी चक्र, साखळी, फ्रीव्हील. पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो, ते अंधाराला नीट समजावून सांगण्यात आलं. पायडलाच्या उलट्या आट्यांना घंटी वाजवण्यात आली. तिसऱ्या फेरीत ते मैदानाच्या कडेच्या खडीच्या ढिगाजवळून गेले तेव्हा तुळशीराम दोन पावलं पुढे झाला, पण मडगार्डचं कार्य तोंडात असल्यामुळे काही झालं नाही. “भाग एकोणचाळिसावा, डायनॅमो! माणूस चालत राहिला तरच उजेड. थांबला की काळोख!” असं म्हणून त्यांनी डावी चप्पल जमिनीला घासली. सायकल रमाबाईंच्या समोर येऊन थांबली आणि दिवा विझला.

नव्या ब्रेकना त्यांनी हात लावला नव्हता.

तुळशीरामने पुढचं चाक उचलून फिरवलं आणि कान लावून ऐकलं. “कुरकुरत नाय,” तो म्हणाला. या आठवड्यात त्याने काढलेला हा पहिला चांगला शब्द होता. “संपलं ना सायेब? नेऊ?”

“आभार राहिलेत,” प्रभाकरराव म्हणाले.

चौथं कोणी येतंय का ते त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग ते रिकाम्या स्टेजच्या पायरीवर चढले, आणि तुळशीरामचे, रमाबाईंचे, मांडववाल्याचे आणि सतरंजी देणाऱ्या जोश्यांचे आभार मानून खाली उतरले. मांडववाल्याने टेबल उचललं.

गुरुवारी साप्ताहिक आलं. बातमी तिसऱ्या पानावर, तळाला होती. रमाबाईंनी ती मोठ्याने वाचली. अध्यक्षांचं भाषण विचारप्रवर्तक झालं होतं. श्री. खांबेटे यांनी सायकलविषयी माहिती सांगितली होती. वेळेअभावी सायकलफेरी होऊ शकली नव्हती. शेवटी, दरवर्षीप्रमाणे, श्री. प्रभाकर खांबेटे यांनी आभार मानले होते.

“साफ चुकीचं आहे,” रमाबाई म्हणाल्या. “पत्र पाठवा त्यांना.”

प्रभाकररावांनी अंक घेऊन बातमी पुन्हा वाचली. शेवटचं वाक्य बरोबर होतं.